फुटपाथच्या मागणीला ‘निधी नाही’ असं उत्तर येतं तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका ‘ड’ वर्ग, म्हणजे सगळ्यात लहान गटातल्या, महापालिकेच्या हद्दीत शाळेसमोरून जाणारा दीडेक किलोमीटरचा रस्ता. फुटपाथ नाही. कडेला माती, मधे मधे लावलेल्या गाड्या, त्यामुळे मुलं डांबरावरूनच चालतात. सोसायट्यांनी मिळून तीनदा निवेदन दिलं आणि तिन्ही वेळा ‘निधी उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं. फुटपाथ आणि जमलं तर सायकल ट्रॅकसुद्धा व्हावा, तर नक्की कुणाला गाठायचं, पैसे येतात कुठून, आणि आमदार निधीतून मागावं का?

मी रस्ते आणि वाहतूक नियोजनाचं काम करते, त्यातलं बरचसं राज्यातल्या महापालिकांसाठी. त्यामुळे पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या पद्धतीबद्दल आहे. काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून राहतील: रस्ता महापालिकेचा आहे की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, त्याची खरी रुंदी किती, त्याखालून कुठली लाइन जायची आहे का, आणि सध्या सभागृह आहे की प्रशासक. यातलं पहिलं आधी तपासा. रस्ता पीडब्ल्यूडीचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर महापालिकेला दिलेली तिन्ही निवेदनं चुकीच्या दारात गेली आहेत. बरेच जुने गावरस्ते हद्दवाढीनंतरही कागदोपत्री हस्तांतरित झालेले नसतात.

आता ‘निधी उपलब्ध नाही’ म्हणजे काय ते बघू. अभियंता थाप मारतोय असं समजू नका. महापालिकेत पैसा गरजेला मिळत नाही, लेखाशीर्षाला, म्हणजे बजेटमधल्या ठरलेल्या खात्याला मिळतो. एखादं काम करायचं तर आधी बजेटमध्ये त्याचा कोड आणि तरतूद लागते. मग दरसूचीप्रमाणे, म्हणजे सरकारी दरांच्या यादीप्रमाणे एस्टिमेट, त्याला तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, स्थायी समितीची किंवा प्रशासकाची मंजुरी आणि शेवटी वर्क ऑर्डर. तुमचं निवेदन आवक क्रमांक घेऊन आत गेलं, पण ते ज्याला जोडायचं तो कोडच नाही. कनिष्ठ अभियंता त्यावर दुसरं काही लिहू शकत नाही. चौथं निवेदन दिलंत तरी तेच उत्तर येईल.

म्हणून माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हे आहे: स्वतंत्र फुटपाथ मागत बसण्यापेक्षा, तुमच्या रस्त्यावर पुढचं कोणतं काम येणार आहे ते शोधा आणि त्याचं एस्टिमेट तयार होण्याआधी फुटपाथ त्यात घालून घ्या. डांबरीकरण किंवा काँक्रिटीकरण, पावसाळी गटार, पाण्याची नवी लाइन, ड्रेनेज, भूमिगत केबल, काहीही असेल. मी पाहिलेले बहुतेक टिकाऊ फुटपाथ ‘फुटपाथ’ या नावाच्या कामातून आलेले नाहीत, अशाच कामांच्या पोटातून आले. सगळ्यात चांगली संधी पावसाळी गटाराची. रस्त्याकडेने आरसीसी गटार होणारच असेल तर त्यावर स्लॅब येतो. तो स्लॅब योग्य पातळीला, योग्य रुंदीचा आणि सलग ठेवला की चालायची निम्मी जागा तिथेच तयार होते.

उलट पाइपलाइनच्या कामात एक खाच असते. खोदाईनंतरच्या दुरुस्तीची बाब ‘रस्ता पूर्ववत करणे’ अशी लिहिलेली असते. आधी कडेला माती होती, तर पूर्ववत म्हणजे पुन्हा माती. ठेकेदार नियमाप्रमाणे माती लोटून निघून जातो. त्याच ठिकाणी खोदाईच्या पट्ट्यावर नीट दाबलेला भराव, पीसीसी (साधं काँक्रीट) आणि पेव्हर ब्लॉक अशी बाब आधीच धरली तर वरचा खर्च तुलनेने थोडा असतो, कारण खोदाई, रस्ता अडवणं, मलबा उचलणं हे सगळं मूळ कामात आलेलंच असतं. तांत्रिक मान्यता झाल्यावर मात्र हेच काम ‘जादा बाब’ ठरतं. मग सुधारित एस्टिमेट, वाढीव खर्चाला मंजुरी, पुढे ऑडिटचा मुद्दा. चांगला अभियंतासुद्धा तिथे हात आखडता घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

हे शोधायचं कसं? महापालिकेचं बजेट छापलं जातं, बहुतेक ठिकाणी वेबसाइटवरही असतं. त्यात तुमच्या प्रभागाची कामं नावानिशी असतात. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांच्या यादीला ‘स’ यादी म्हणतात. तुमच्याकडे नाव वेगळं असेल, पण अशी यादी असतेच. मग पाणीपुरवठा, ड्रेनेज आणि पथ या तिन्ही विभागांच्या उपअभियंत्यांना प्रत्यक्ष भेटून विचारा की या रस्त्यावर येत्या दोन वर्षांत काय धरलंय. तिन्ही विभागांना एकमेकांचं माहीत असेल असं गृहीत धरू नका. तोंडी कळलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा: मंजूर एस्टिमेट, नकाशा, वर्क ऑर्डर. ‘फुटपाथ का नाही’ असा प्रश्न त्यात लिहू नका. कागद मागा, कारणं मागू नका.

वेळ फार महत्त्वाची. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण विभागांच्या कामांच्या याद्या पावसाळा संपता संपता बनायला लागतात आणि आयुक्तांचं बजेट जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मांडलं जातं. फेब्रुवारीत दिलेलं निवेदन एक वर्ष उशिरा पोचलेलं असतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा तुमचा काळ. पुणे महापालिकेने २००६ साली सहभागी अंदाजपत्रक सुरू केलं. नागरिकांनी अर्ज भरून आपल्या भागातली छोटी कामं सुचवायची आणि ती बजेटमध्ये धरायची. तुमच्या महापालिकेत अशी सोय असेल तर अर्ज भराच. फुटपाथचा एखादा तुकडा आणि एखादं क्रॉसिंग त्यात बसतं.

पैशाच्या वाटा पाहू. महापालिकेचा स्वतःचा भांडवली निधी हा मुख्य. त्याखेरीज राज्याचं नगरोत्थान महाअभियान, ज्यात रस्त्यांचे प्रकल्प बसतात. जिल्हा वार्षिक योजनेतून नागरी भागासाठी येणारा पैसा, तो जिल्हा नियोजन समितीकडून. केंद्राच्या पहिल्या ‘अमृत’ योजनेत, २०१५ साली, चालणं आणि सायकल यांसाठी घटक होता. २०२१ च्या ‘अमृत २.०’ मध्ये भर पाणी आणि सांडपाण्यावर गेला, त्यामुळे तिकडे वेळ घालवू नका. स्मार्ट सिटी अभियानही मार्च २०२५ ला संपलं.

एक वाट लोकांना सुचत नाही ती हवेच्या प्रदूषणाची. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत महाराष्ट्रातली बरीच शहरं आहेत. त्या शहरांच्या कृती आराखड्यात रस्त्यावरची धूळ हा मोठा विषय असतो, आणि रस्त्याची मातीची कड फरसबंद करणं हा त्यावरचा मान्य उपाय. शाळेसमोरची उघडी माती हा धुळीचा स्रोत आहे, असं लिहून पर्यावरण विभागाकडे दिलेली मागणी पथ विभागाकडच्या मागणीपेक्षा लवकर हलल्याचं मी पाहिलंय. तुमचं शहर यादीत आहे का ते बघा.

दुसरी वाट सुरक्षिततेची. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. त्या रस्त्यावर अपघात झाले असतील तर पोलीस ठाण्याच्या नोंदींसह तिथे विषय मांडा. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे जवळपास दर पाचातलं एक. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अडथळ्याविना, अपंग व्यक्तींनाही वापरता येईल असा फुटपाथ मिळणं हा संविधानाच्या कलम २१ खालच्या हक्काचा भाग आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ६३ सुद्धा रस्ते बांधणं, सुधारणं आणि त्यांवरचे अडथळे दूर करणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य मानतं. पत्रात या दोन ओळी असू द्या. कोर्टात जाण्यासाठी नव्हे. वरिष्ठांकडे प्रस्ताव पाठवताना अभियंत्याला टिपणीत आधार लागतो, तो तुम्ही पुरवायचा.

पण खरं सांगायचं तर पैशापेक्षा अवघड भांडण जागेचं असतं. विकास आराखड्यात रस्ता १८ मीटर दिसतो आणि जागेवर टेप लावला की कुठे १२ भरतो, कुठे ११. उरलेली जागा अजून ताब्यात आलेली नसते, किंवा कंपाउंड पुढे आलेलं असतं. म्हणून आधी स्वतः मोजा. दर वीस-पंचवीस मीटरवर टेप धरून भिंत ते भिंत रुंदी लिहा. विजेचे खांब, डीपी (विजेच्या वितरण पेट्या), झाडं, टपऱ्या, गेट यांच्या जागा एका साध्या नकाशावर मांडा. शाळा भरताना आणि सुटताना पंधरा-पंधरा मिनिटं चालणारे मोजा. हे दोन कागद जोडलेलं निवेदन हातात घेतलेला अभियंता तुमच्याशी वेगळं बोलतो, कारण त्याचं निम्मं सर्वेक्षण झालेलं असतं.

आता गणित. इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं आयआरसी १०३ हे पादचाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक. त्यात राहत्या भागात किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच एवढी मोकळी चालायची जागा सांगितली आहे, बाजारपेठेत २.५ मीटर रुंदी. मोकळी म्हणजे खांब, झाड, फलक यांना वगळून. त्यांच्यासाठी अर्धा मीटर वेगळा धरा. बारा मीटरच्या रस्त्यात दोन्ही बाजूंना २.३ मीटर गेले की मधे ७.४ मीटर उरतात. दोन लेनला ते पुरेसं आहे. उरत नाही ते पार्किंग. सगळा विरोध इथून येतो, आणि तो बहुतेक वेळा फुटपाथ मागणाऱ्याच सोसायट्यांमधून येतो. निवेदनावर सही करणाऱ्या प्रत्येकाला आधीच विचारा, ‘रस्त्यावरची गाडी हलवायला तयार आहात का?’ हे बोलणं टाळलंत तर काम सुरू झाल्यावर त्याच सह्या विरोधाच्या पत्रावर दिसतात आणि नगरसेवक काम थांबवतो.

फेरीवाल्यांबद्दल हीच गोष्ट थोडी वेगळी आहे. शाळेबाहेर चार गाड्या असणारच. त्यांना हटवा म्हणून निवेदनात लिहू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समितीतूनच जागा ठरवायच्या असतात. आणि व्यवहार म्हणूनही, आराखड्यात त्यांची जागा चालायच्या पट्ट्याबाहेर आखली नाही तर ते त्या पट्ट्यात येणारच. झाडं आणि खांब ज्या पट्ट्यात आहेत तिथे, शाळेच्या गेटपासून थोडं दूर, जागा द्यावी.

सायकल ट्रॅकबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमचा रस्ता बारा मीटरचा असेल तर ट्रॅक मागू नका. मलाही सायकल प्रिय आहे आणि २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरचं काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जात होते, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. पण अरुंद रस्त्यावर फुटपाथवर रंगाचा पट्टा ओढून जो ‘ट्रॅक’ होतो, त्यात चालणारे आणि सायकलवाले दोघांचीही जागा जाते. अशा रस्त्यावर गाड्यांचा वेग ताशी ३० च्या आत आणणं हाच सायकलसाठीचा प्रकल्प. शाळेच्या गेटसमोर फुटपाथच्या उंचीचं रुंद क्रॉसिंग, ज्याला स्पीड टेबल म्हणतात, गाड्या हळू वळाव्यात म्हणून चौकात कोपऱ्यांची वळणं आवळणं, एवढ्याने मूल सायकल घेऊन जाऊ शकतं. वाहतूक शांत करण्यासाठी आयआरसी ९९ आहे, त्याचा उल्लेख करा.

रस्ता खरोखर अठरा मीटर मिळत असेल तर गोष्ट बदलते. तेव्हा ट्रॅक बसतो, पण तो फुटपाथ आणि पार्किंगच्या मधे, कडा वेगळी करून, एका बाजूला साधारण दोन मीटरचा हवा. आणि तो कुठे जातो हे विचारायला हवं. पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, शहरभर जोडलेल्या जाळ्याची कल्पना त्यात होती. त्याआधीपासूनचे ट्रॅकही शहरात आहेत. वापरणारे सांगतील, अडचण ट्रॅक नसण्याची कमी आणि चौकात येऊन संपण्याची जास्त. स्पेनमधल्या सेव्हिलने नेमकं उलटं केलं: २००६ नंतरच्या थोड्या काळात सुमारे ८० किलोमीटरचं एकमेकांना जोडलेलं जाळं एकदम उभं केलं, आणि सायकलस्वार पटींनी वाढले. दीड किलोमीटरचा एकटा तुकडा बांधून त्यावर कुणी दिसलं नाही की पुढच्या दहा प्रस्तावांना ते उदाहरण आडवं येतं. म्हणून आधी फुटपाथ.

धोरणाची ताकद बघायची असेल तर चेन्नई बघा. २०१४ मध्ये तिथल्या महापालिकेने विनामोटार वाहतुकीचं धोरण स्वीकारलं आणि वाहतुकीच्या बजेटमधला किमान ६० टक्के हिस्सा चालणं-सायकलसाठी ठेवायचं ठरवलं. तिथे अभियंत्याला कोड शोधत फिरावं लागत नाही. तुमच्या शहरात कुणी नगरसेवक ऐकणारा असेल तर एका रस्त्याबरोबर ही मागणीही लावून धरा: बजेटमध्ये ‘पदपथ’ असं स्वतंत्र लेखाशीर्ष. रक्कम सुरुवातीला छोटी चालेल, कोड हवा.

काम मंजूर झालं की थांबू नका. एस्टिमेटमधला फुटपाथ आणि जागेवरचा फुटपाथ यांत गेटपाशी फरक पडतो. ठेकेदाराचा मुकादम फुटपाथची ओळ आखायला दोरी लावतो, तेव्हा प्रत्येक बंगल्याचा मालक बाहेर येऊन म्हणतो, ‘माझ्या गेटसमोर खाली घ्या.’ मुकादम घेतो. दीड किलोमीटरमध्ये पन्नास गेटं असतील तर फुटपाथ पन्नासदा खाली उतरतो आणि पन्नासदा वर चढतो. आजी तो सोडून डांबरावर येते, व्हीलचेअर तर चढतच नाही. बरोबर पद्धत उलटी आहे: चालायचा पट्टा गेटसमोरूनही त्याच पातळीला सलग जातो, आणि गाडीसाठीचा उतार कडेच्या अर्ध्या मीटरमध्ये, रस्त्याच्या बाजूला दिला जातो. फुटपाथची उंची दीडशे मिलिमीटरच्या आत ठेवली की हे सहज जमतं. तीनशे मिलिमीटर उंच बांधला की जमत नाही, म्हणून नकाशात उंची वाचा. ‘ठराविक छेद’ असं लिहिलेला, म्हणजे रस्ता आडवा कापल्यासारखा दाखवणारा नकाशा मागा आणि त्यात गेटचा तपशील स्वतंत्र काढलाय का ते पाहा. नसेल तर तो दोरी लागण्याआधी मागून घ्या.

फरक पडणारी दुसरी जागा पेव्हरखालची. ब्लॉक खचतात ते ब्लॉक वाईट म्हणून क्वचितच. खालचा चर थर देऊन, पाणी मारून, दाबून भरलेला नसतो. एक फूटभर माती एकदम लोटून वरून रोलर फिरवला तर वरचा पृष्ठभाग छान दिसतो आणि पहिल्या पावसाळ्यात बसतो. चर भरला जात असताना रोज थोडा वेळ उभं राहून फोटो काढा, तारखेसह, आणि कनिष्ठ अभियंत्याला पाठवा. भांडू नका. फोटो येतायत एवढं कळलं की थर पडायला लागतात. झाडांच्या बुंध्याभोवती मात्र पेव्हर आणि काँक्रीट दोन्ही नको, एक मीटरचा चौकोन मोकळा सोडायला सांगा.

वर्क ऑर्डरमध्ये दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. तोपर्यंत खचलेलं, फुटलेलं ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. ती तारीख सोसायटीच्या फलकावर लावा आणि ती संपायच्या दोन-तीन महिने आधी एक पाहणी करून यादी लेखी द्या. बहुतेक ठिकाणी कुणी मागत नाही, म्हणून अनामत रक्कम तशीच परत जाते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आमदार निधी. मिळू शकतो, आणि पेव्हर टाकायला तो लवकर मिळतो हेही खरं. पण त्यातून आलेलं काम बहुतेक सुटं असतं: शंभर-दोनशे मीटर, एका बाजूला, गटाराचा आणि क्रॉसिंगचा विचार न करता. पुढच्या वर्षी पाण्याची लाइन आली की तेच उखडतं. म्हणून आमदारांकडे पेव्हर मागू नका. त्यांना दोन गोष्टी मागा: जिल्हा नियोजन समितीत किंवा नगरोत्थानच्या प्रस्तावात या रस्त्याचं नाव, आणि पाणी, ड्रेनेज, पथ व महावितरण या चौघांची त्या रस्त्यावर एक संयुक्त पाहणी. आमदारांनी बोलावलेल्या पाहणीला चारही विभागांचे अभियंते येतात, तुमच्या बोलावण्यावर येणार नाहीत. त्या दिवशी तुमचा टेपने मोजलेला नकाशा त्यांच्या हातात द्या, आणि पाहणीचं इतिवृत्त त्याच आठवड्यात लेखी मागून घ्या.